क्रेडिट कार्डाच्या बिलाचा ऑटो डेबिट वारंवार परत जातो तेव्हा

क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ऑटो डेबिट (देय तारखेला खात्यातून आपोआप वसुली) लावलेला असतो, खात्यात पैसे आहेत असेही आपण धरून चालतो, आणि तरीही देय तारीख उलटल्यावर मोबाईलवर संदेश येतो की रक्कम वसूल झालेली नाही. हे एकदाच झाले तर माणूस पैसे भरून मोकळा होतो. मात्र ज्यांचे उत्पन्न पगारासारखे महिन्याच्या महिन्याला येत नाही, त्यांच्याकडे हे वर्षातून दोन-तीन वेळा घडते आणि दरवेळी दंड, व्याज, त्यावरचा कर असे मिळून बऱ्यापैकी रक्कम जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या बँकेच्या शाखांत मी २३ वर्षे काम केले. निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन घरी येतात, म्हणून जे त्यांना तोंडी सांगतो ते येथे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात देवगडकडचे एक बागायतदार पासबुक आणि मोबाईल घेऊन माझ्या पडवीत आले. "काकानु, पैशे तर होते खात्यात, मगे बिल कित्याक भरूक नाय?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. ओलीने पासबुकाची पाने एकमेकांना चिकटली होती. ती सावकाश सोडवली तेव्हा नॅच रिटर्न चार्जेस (ऑटो डेबिटची मागणी परत गेल्याचा दंड) या नावाने ५९० रुपये नावे पडलेले दिसले आणि त्याच्याच वरच्या ओळीत शिल्लक ४१,३०० रुपये होती. बिल होते २२,४६० रुपयांचे, म्हणजे शिल्लक पुरेशी होती यात शंका नव्हती. मग आम्ही बँकेच्या ॲपमध्ये मँडेटचा, म्हणजे ऑटो डेबिटसाठी दिलेल्या परवानगीचा, तपशील उघडला. चार वर्षांपूर्वी कार्ड घेतले तेव्हा त्यांचे बिल सहा-सात हजारांच्या पुढे जात नसे, म्हणून फॉर्मवर कमाल रक्कम २०,००० रुपये लिहिली गेली होती. यंदा खते आणि आंब्याची खोकी कार्डावर घेतल्यामुळे बिल त्या मर्यादेपलीकडे गेले. अशा वेळी २०,००० रुपये वळते होऊन उरलेले मागे राहतात असा अनेकांचा समज असतो, परंतु नॅचमध्ये, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून वसुली करणाऱ्या यंत्रणेत, मर्यादेपेक्षा जास्त रकमेची मागणी आली की ती पूर्णच्या पूर्ण परत जाते.

येथेच मूळ गैरसमज आहे. ऑटो डेबिट लावला म्हणजे बिल भरण्याची जबाबदारी बँकेवर गेली असे आपण समजतो. प्रत्यक्षात आपण कार्डाच्या बँकेला आपल्या खात्याकडे पैसे मागण्याची परवानगी दिलेली असते, एवढेच. मागणी गेली आणि परत आली, तर बिल न भरल्याचे सर्व परिणाम कार्डधारकावरच येतात. कार्ड आणि खाते एकाच बँकेचे असेल तर त्या व्यवस्थेला स्थायी सूचना म्हणतात आणि तिचे नियम ती बँक ठरवते. काही बँका खात्यात असेल तेवढी रक्कम उचलतात, काही उचलत नाहीत. खाते दुसऱ्या बँकेत असेल तर मागणी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नॅच यंत्रणेतून जाते आणि तिथे रक्कम पूर्ण मिळते किंवा अजिबात मिळत नाही.

संदेश आला त्याच दिवशी काय करावे

कारण शोधण्याच्या आधी पैसे भरावेत. बँक दोन-चार दिवसांनी पुन्हा मागणी पाठवेल या भरवशावर थांबू नये, कारण दुसरी मागणी येईलच असे नाही, आणि आली तरी खात्यातली अडचण सुटलेली नसल्यास तीही परत जाऊन तिचाही दंड बसतो. कार्डाच्या बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा नेट बँकिंगवरून भरलेली रक्कम सहसा लवकर जमा दिसते. नेफ्टची, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची, सोय डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असते, त्यामुळे शाखा उघडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. इतर पेमेंट ॲपवरून भरल्यास रक्कम कार्डावर दिसायला एखादा दिवस लागू शकतो, म्हणून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

घाई करण्याला एक ठोस आधार आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आणि त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार, देय तारखेनंतर थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त काळ राहिली तरच बँकेला विलंब शुल्क लावता येते आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना ते खाते थकीत म्हणून कळवता येते. देय तारीख ५ असेल तर ८ तारखेपर्यंत भरलेले पैसे या दोन्ही गोष्टींपासून वाचवतात. ९ तारीख उजाडली की मात्र थकबाकीचे दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. ही मुभा विलंब शुल्क आणि पतनोंद यांपुरती आहे. व्याजाची आकारणी आपल्या कार्डाच्या अटींप्रमाणे होते आणि त्या अटी मासिक विवरणपत्राच्या मागच्या पानांवर छापलेल्या असतात.

पूर्ण रक्कम हाताशी नसेल तर निदान किमान देय रक्कम, म्हणजे लोक ज्याला मिनिमम ड्यू म्हणतात ती, त्या तीन दिवसांत भरावी. तिने व्याज थांबत नाही, पण विलंब शुल्क टळते आणि सिबिलवर थकबाकीची नोंद जात नाही. कोणाकडून हातउसने घेण्याची वेळ आलीच तर एवढ्या रकमेपुरते घ्यावे असे माझे मत आहे.

आणखी एक सावधगिरी याच दिवशी लागते. ऑटो डेबिट परत गेला आहे, लिंकवर जाऊन केवायसी अद्ययावत करा, असे खोटे संदेश आणि फोन सर्रास येतात. संदेशातल्या लिंकवरून पैसे कधीही भरू नयेत. ॲप स्वतः उघडावे, किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण फोन करावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

एका चुकलेल्या बिलाची किंमत

लोकांना दंडाची रक्कम दिसते आणि तेवढेच नुकसान झाले असे वाटते, म्हणून एक हिशोब मांडतो. समजा १ ऑगस्टला गणपतीच्या खरेदीसाठी कार्डावर २०,००० रुपये खर्च केले, १६ ऑगस्टला बिल निघाले, देय तारीख ५ सप्टेंबर होती, त्या दिवशी ऑटो डेबिट परत गेला आणि चाकरमानी मंडळी घरात असल्याच्या गडबडीत पैसे १५ सप्टेंबरला भरले. कार्डाचा व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे असे धरू. बिल पूर्ण न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज ५ सप्टेंबरपासून न लागता खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १ ऑगस्टपासून लागते. ४५ दिवसांचे ते व्याज सुमारे १,०३६ रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १८६ रुपये. विलंब शुल्क ७५० रुपये धरले तर करासह ८८५ रुपये. खाते असलेल्या बँकेने मागणी परत गेल्याबद्दल ५०० रुपये लावले तर करासह ५९० रुपये. बेरीज २,६९७ रुपये होते. दहा दिवसांच्या उशिराला बिलाच्या तेरा टक्क्यांहून जास्त रक्कम द्यावी लागली.

एवढ्यावर ते थांबत नाही. १६ ऑगस्टनंतर कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा, पेट्रोल, औषधे, सगळ्यावर त्या-त्या दिवसापासून व्याज चढत राहते आणि पुढच्या बिलात ते दिसल्यावर ग्राहक म्हणतो की मी तर सगळे भरले होते. त्यामुळे एकदा ऑटो डेबिट चुकला की मागची सर्व बाकी शून्य होऊन नवे विवरणपत्र येईपर्यंत ते कार्ड वापरू नये. हा सल्ला मी सर्वांना आग्रहाने देतो.

पुन्हापुन्हा का होते

शिल्लक अपुरी असणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे, पण त्याचेही प्रकार आहेत. वसुलीची मागणी बहुधा सकाळीच येते, त्यामुळे त्याच दिवशी दुपारी टाकलेले पैसे उपयोगाचे नसतात. रक्कम आदल्या दिवशी खात्यात हवी. रविवार असला तर मागणी सोमवारी येईल हा जुना अनुभव आता धरून चालू नये, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालते. चेक टाकणे आणि चेक वटणे यांतला फरकही येथे नडतो. वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून पट्टीबरोबर (विक्रीच्या हिशोबाबरोबर) आलेला चेक खात्यात भरला म्हणजे ते पैसे वापरायला मिळाले असे होत नाही. आणि ज्या खात्यातून होडीच्या कर्जाचा किंवा दुचाकीचा हप्ताही जातो, तिथे सकाळी कोणती मागणी आधी लागेल हे आपल्या हातात नसते. संध्याकाळी पासबुकात पुरेशी दिसणारी शिल्लक सकाळी हप्ता गेल्यावर पुरत नाही.

दुसरा मोठा गट मँडेटच्या दोषांचा आहे. बागायतदारांची कमाल मर्यादेची गोष्ट वर आलीच. नवे मँडेट दिल्यावर त्याची नोंदणी व्हायला काही दिवस जातात आणि त्या दरम्यान आलेले बिल हातानेच भरावे लागते. नवीन कार्ड घेतलेल्यांचे पहिलेच बिल चुकण्याचे हे नेहमीचे कारण आहे. सही जुळत नसेल, किंवा संयुक्त खात्यावर दोघांच्या सह्या लागत असताना एकाचीच सही फॉर्मवर असेल, तर नोंदणीच नाकारली जाते आणि तो नकाराचा संदेश अनेकदा वाचलाच जात नाही. नोंदणी झालेल्या प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक आपल्याकडे नसेल तर ऑटो डेबिट सुरू झालेला नाही असे समजून चालावे.

तिसरे कारण खात्याच्या स्थितीत असते. केवायसीची मुदत संपून खात्यातून पैसे काढण्यावर निर्बंध आलेले असतात, किंवा दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय झालेले असते. मुंबईला किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांचे गावाकडचे खाते असे निष्क्रिय होणे फार आढळते. बँकांच्या विलीनीकरणानंतरही तपासणी करावी. आपल्याकडे विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा बदलानंतर खाते क्रमांक आणि आयएफएससी मँडेटवरच्या तपशिलाशी जुळतात का, हे शाखेत एकदा विचारून घ्यावे.

या तिसऱ्या प्रकारात मी स्वतः सापडलो आहे. निवृत्तीनंतर पेन्शन नव्या खात्यात येऊ लागली, जुने पगाराचे खाते मी बंद केले, आणि कार्डाचे मँडेट त्या जुन्या खात्यावर होते हे माझ्या लक्षात राहिले नाही. कार्डाशी जोडलेला मोबाईल क्रमांकही जुनाच असल्याने परतीचा संदेश मला मिळाला नाही. बाराव्या दिवशी वसुली विभागाचा फोन घरच्या लँडलाइनवर आला तेव्हा मला कळले. इतकी वर्षे दुसऱ्यांना हेच समजावून सांगितले असताना ते माझ्याकडून घडले याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून कोणी खाते बंद करायला निघाले की मी त्यांना आधी त्या खात्यावरच्या मँडेटांची यादी काढायला सांगतो.

परतीचे नेमके कारण कोणते, हे ज्या बँकेत खाते आहे तिलाच विचारावे. कार्डाच्या बँकेच्या फोनवर बहुधा रक्कम मिळाली नाही एवढेच सांगतात. खात्याच्या शाखेत मात्र त्या तारखेच्या परत गेलेल्या मागणीपुढे कारण नोंदलेले असते आणि ते लेखी मागता येते.

हंगामी उत्पन्नाला जुळेल अशी व्यवस्था

आपल्याकडच्या बागायतदाराला पैसे एप्रिल ते जूनमध्ये मिळतात, जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि पावसात तारकर्ली-गुहागरच्या खोल्या रिकाम्या असतात. ऑटो डेबिटची सोय मात्र दर महिन्याला ठरावीक तारखेस पैसे येणाऱ्या माणसाला धरून केलेली आहे. म्हणून नुसती चूक दुरुस्त करून भागत नाही, व्यवस्थाच बदलावी लागते.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेला उपाय म्हणजे बिलासाठी वेगळे बचत खाते. हंगामाचे पैसे आले की नेहमीच्या दोन बिलांइतकी रक्कम त्या खात्यात टाकावी, त्याचे एटीएम कार्ड घरात ठेवावे आणि त्यातून दुसरा कोणताही हप्ता लावू नये. किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारावे, नाहीतर तिच्या दंडाने त्यातले पैसे कमी होत जातात.

ऑटो डेबिट पूर्ण रकमेचा ठेवावा की किमान रकमेचा, याबद्दल माझे मत अनेकांपेक्षा वेगळे आहे. नियमित पगार असलेल्याने पूर्ण रकमेचाच ठेवावा. पण ज्याला जुलैत खात्यात किती असेल हे मेमध्ये सांगता येत नाही, त्याने ऑटो डेबिट किमान रकमेचा ठेवून उरलेले बिल देय तारखेच्या आधी स्वतः भरावे. मोठी मागणी परत जाण्यापेक्षा लहान मागणी पूर्ण होणे चांगले, कारण त्यामुळे विलंब शुल्क आणि पतनोंद दोन्ही सांभाळली जातात. अट एकच, की उरलेली रक्कम भरण्याची सवय अंगी असली पाहिजे. ती नसेल तर साडेतीन टक्क्यांचे व्याज महिन्यामागून महिना चढत जाते आणि विवरणपत्रावर तसा इशारा छापलेलाही असतो.

देय तारीख गैरसोयीची असेल तर बिलाचे चक्र बदलून मागावे. कार्डधारकाला निदान एकदा तरी हा बदल करता आला पाहिजे असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात, आणि तो ॲपवरून किंवा फोनवरून करता येतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत मजुरी द्यावी लागते म्हणून महिन्याची पहिली तारीख टाळून २० तारीख घेतलेली कुटुंबे मला माहीत आहेत.

देय तारखेच्या आदल्या एक-दोन दिवसांत हाताने पैसे भरले तर ऑटो डेबिटही लागून रक्कम दोनदा जाऊ शकते, कारण मागणी आधीच पाठवलेली असते. जादा गेलेले पैसे कार्डावर जमा राहतात. पुढच्या बिलात ते वळते होतात किंवा अर्ज करून खात्यात परत मागता येतात. मँडेट रीतसर रद्द केल्यानंतरही खात्यातून पैसे गेले, तर जबाबदारी आपल्या खात्याच्या बँकेची असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे, आणि त्यापुढच्या विलंबाला दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

सिबिल, नोटीस आणि तक्रार

पतमाहिती कंपन्यांकडे बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असा नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे चुकलेले बिल पूर्वीपेक्षा लवकर नोंदीत दिसते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. घटनेनंतर साधारण दीड महिन्याने तो काढून पाहावा. तीन दिवसांच्या आत पैसे भरूनही थकीत असा शेरा दिसला तर पावतीसह लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

शिल्लक अपुरी असल्याने इलेक्ट्रॉनिक मागणी परत गेली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ याच्या कलम २५ खाली तो गुन्हा ठरू शकतो, हे ऐकून लोक घाबरतात. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे हे खरे, पण त्यासाठी बँकेने ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर तो गुन्हा पूर्ण होत नाही. नोटीस आली तर ती पेटीत ठेवून देऊ नये आणि वसुलीच्या फोनला भिऊन गावही सोडू नये. पैसे भरून पावती जोडून लेखी उत्तर द्यावे.

चूक बँकेची असेल, किंवा पहिल्यांदाच झालेली असेल, तर विलंब शुल्क आणि त्यावरचा कर परत मागणारे पत्र जरूर लिहावे. त्यात देय तारीख, मागणी परत गेल्याची तारीख, पैसे भरल्याची तारीख आणि संदर्भ क्रमांक एवढेच असावे. सौम्य भाषेतल्या आणि तारखा स्पष्ट असलेल्या पत्राला बँका अनेकदा होकार देतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही.

देवगडच्या त्या बागायतदारांनी त्याच दुपारी माझ्यासमोर ॲपवरून पूर्ण बिल भरले. देय तारखेनंतरचा तो दुसराच दिवस होता, त्यामुळे विलंब शुल्क लागले नाही. ५९० रुपये मात्र गेले. मँडेटची मर्यादा ५०,००० रुपये करण्याचा अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी शाखेत दिला, आणि यूएमआरएन हाती येईपर्यंतचे पुढचे बिल हाताने भरायचे म्हणून त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली.